बायपासनंतर बाबांचं हृदय ठणठणीत, पण डोकं पहिल्यासारखं चालत नाही

मृद्गंधा
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरजेपोटी धागा काढतेय.

बाबांची (वय ७१, वीजमंडळातून निवृत्त) दोनेक महिन्यांपूर्वी पुण्यात बायपास झाली. तीन ग्राफ्ट (चोंदलेली जागा टाळून जोडलेल्या नव्या नळ्या). इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, उत्तम, जखम भरलीय, जिना चढतात. सर्जरीनंतर दुसऱ्या रात्री मात्र आयसीयूमध्ये त्यांनी हाताचं सलाईन उपसून काढलं. "सबस्टेशन ट्रिप झालंय, अख्खा फीडर बंद आहे, मला सोडा" असं सिस्टरना ओरडून सांगत होते. हात बांधावे लागले. मला बघून म्हणाले, "ह्यांनी तुलाही फितवलं का?" काही दिवसांत ते निवळलं.

पण घरी आल्यापासून वेगळंच काहीतरी चाललंय. पेपरातलं शब्दकोडं चहा संपायच्या आत सुटायचं, ते आता अर्ध्यात टाकून देतात. बोलताना शब्द अडतो आणि मग चिडचिड. दोन माणसं एकदम बोलायला लागली की उठून आतल्या खोलीत. डॉक्टर म्हणाले, "वय झालंय, होईल हळूहळू." नातेवाइकांचं मत ठाम: हार्ट-लंग मशीनवर (ऑपरेशन चालू असताना हृदय-फुफ्फुसांचं काम करतं ते) घेतलं की डोकं जातंच.

हे खरंच मशीनमुळे होतं का? भरून येतं का? आणि आमच्या मोठ्या काकांची झडपेची सर्जरी पुढच्या महिन्यात ठरलीय, त्यांच्यासाठी आधीपासून काही करता येईल का?

रावसाहेब
नातेवाईक बरोबर बोलतायत. आमच्या कॉलनीत दोघांचं असंच झालं. बीटिंग हार्ट (हृदय चालू ठेवूनच बायपास) करून घ्यायला हवं होतं, मशीनची भानगडच नाही. आता सकाळी उपाशीपोटी ब्राह्मी आणि रात्री अश्वगंधा सुरू करा.

पंपवाला
मी पर्फ्युजनिस्ट आहे, म्हणजे ज्या मशीनच्या नावाने सगळे बोटं मोडतायत तेच चालवतो. तेव्हा माझं म्हणणं हवं तर हातचं राखून वाचा.

हार्ट-लंग मशीनवरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात मे १९५३ मध्ये केली. पुढे बायपास सर्रास व्हायला लागली तशी तक्रारही सर्रास व्हायला लागली, आणि अमेरिकेत तिला 'पंप हेड' असं नावच पडलं (पंप म्हणजे हेच मशीन). ही भीती घरोघरी पोचवली ती २००१ च्या ड्यूक विद्यापीठाच्या अभ्यासाने. बायपास झालेल्या २६१ जणांच्या स्मरणशक्तीच्या, एकाग्रतेच्या चाचण्या त्यांनी घेतल्या. डिस्चार्जच्या वेळी ५३ टक्के लोकांत घसरण, सहा आठवड्यांनी ३६, सहा महिन्यांनी २४. इथवर सगळं आशादायक. पण पाच वर्षांनी आकडा परत ४२ वर गेला आणि बातम्यांमध्ये तेवढंच आलं. गोम अशी की तुलनेला बायपास न झालेले रुग्ण त्यात नव्हतेच. जॉन्स हॉपकिन्सच्या मंडळींनी पुढे तसा गट घेतला: हृदयाच्या रक्तवाहिन्या खराब आहेत, पण बायपास केलेली नाही. काही वर्षांनी दोन्ही गटांची घसरण जवळपास सारखीच निघाली. ज्या आजाराने हृदयाच्या नळ्या चोंदल्या तो मेंदूच्या बारीक नळ्या सोडत नाही. बीपी, शुगर, तंबाखू यांचं काम ऑपरेशनच्या आधीपासून चालू असतं आणि नंतरही चालूच राहतं.

मशीन निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. रक्त शरीरात परत पाठवताना ते ४० मायक्रॉनच्या फिल्टरमधून जातं, बुडबुडा आलाच तर सेन्सर ओरडतो. कपाळावर दोन स्टिकर असतात, त्यातून मेंदूतल्या ऑक्सिजनचा अंदाज येतो. सुरुवातीच्या आकड्यापेक्षा तो २० टक्क्यांनी खाली आला की मी आणि भूलतज्ज्ञ शोधाशोध सुरू करतो: मान वळलीय का, प्रेशर पडलंय का, हिमोग्लोबिन किती, कार्बन डायऑक्साइड किती. हे स्टिकर सगळीकडे नसतात, हेही सांगतो.

खरी कसोटी शेवटी. शरीर थंड केलेलं असतं, मुख्य काम झालेलं असतं, सगळ्यांना बाहेर पडायची घाई. "गरम कर पटापट," असा हुकूम येतो. घाईने गरम केलं तर मेंदूकडे ३७ अंशांपेक्षा गरम रक्त जातं आणि तापलेला मेंदू जास्त ऑक्सिजन मागतो. म्हणून मशीनमधून बाहेर पडणारं रक्त ३७ च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि शेवटच्या टप्प्यात वेग मिनिटाला साधारण अर्ध्या अंशाच्या आत ठेवायचा. या पंधरा-वीस मिनिटांत थांबायला तयार असलेला सर्जन मला मशीनच्या मॉडेलपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

ट्यूलिप
पंपवाला, मस्त प्रतिसाद. मी युट्रेख्तला राहते, फिजिओ आहे. रावसाहेबांच्या बीटिंग हार्टच्या मुद्द्यावर नेमकं याच गावात काम झालंय. ऑक्टोपस नावाचा अभ्यास: २८१ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे निम्मे पंपावर, निम्मे पंपाशिवाय. तीन महिन्यांनी पंपाशिवायवाले किंचित बरे होते, वर्षभरात तो फरक पुसला गेला आणि पाच वर्षांनी दोन्हीकडे साधारण निम्म्या लोकांत घसरण. नंतर ४,७५२ रुग्णांचा कॉरोनरी नावाचा मोठा अभ्यास झाला. १९ देश होते, भारतही होता. वर्षभरानंतर तिथेही मेंदूच्या चाचण्यांत म्हणण्यासारखा फरक नाही.

म्हणून काकांच्या वेळी "मशीन नको" या एका अटीवर अडून बसू नका. झडपेच्या उघड्या शस्त्रक्रियेत तर मशीन लागतंच.

रावसाहेब
परदेशातले अभ्यास परदेशात. इथे बहुतेक सर्जन बीटिंग हार्टच करतात ते उगाच का?

पंपवाला
रावसाहेब, आपल्याकडे पंपाशिवाय बायपासचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच जास्त आहे, खरं आहे. खर्च कमी, रक्त कमी लागतं आणि हात बसलेले सर्जन भरपूर. एका प्रकारच्या रुग्णाला त्याचा मेंदूच्या दृष्टीनेही फायदा होऊ शकतो: ज्याच्या महाधमनीत (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) चुना, म्हणजे कॅल्शियम, साचलाय. जुन्या नळाला पाना लावला की आतला गंज सुटतो तसं होतं तिथे. चिमटा लावताना कण सुटला तर तो थेट मेंदूत, म्हणजे पॅरालिसिसचा झटका. म्हणून काही सर्जन छाती उघडल्यावर महाधमनीवरच सोनोग्राफीचा प्रोब ठेवून बघतात आणि चुना असेल तर तिला हातच लावत नाहीत, छातीतल्या दोन्ही धमन्या वापरून ग्राफ्ट करतात. हा प्रश्न सर्जनला जरूर विचारा. पण झटका ही एक गोष्ट आणि मृद्गंधाताईंच्या बाबांचं शब्दकोडं ही दुसरी.

साताऱ्याची सिस्टर
बारा तासांच्या ड्युटीवरून येऊन लिहितेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

मृद्गंधाताई, बाबांना झालं तो डेलिरियम, म्हणजे आजारपणात अचानक होणारा भ्रम. हृदयाच्या ऑपरेशननंतर पाचातल्या एकाला तरी होतो, वयस्करांत याहून जास्त. ओरडणारा पेशंट सगळ्यांना दिसतो. आम्हाला भीती गप्प पेशंटची. डोळे मिटून पडून असतो, विचारलं की हूं म्हणतो. नातेवाईक खूश, "आज शांत आहेत." आतून मात्र त्याला दिवस-रात्र कळत नसते. म्हणून आमच्याकडे प्रत्येक शिफ्टला विचारायचे प्रश्न असतात: दगड पाण्यावर तरंगतो का? समुद्रात मासे असतात का? एक किलो दोन किलोपेक्षा जड असतं का? हातोडीने खिळा ठोकता येतो का? एक रिटायर्ड हेडमास्तर होते, सकाळी भडकले, "मला काय पहिलीत बसवताय?" संध्याकाळी त्यांनीच शांतपणे सांगितलं की दगड तरंगतो. त्याच रात्री ताप निघाला, छातीत इन्फेक्शन होतं.

घरच्यांच्या हातात काय आहे ते सांगते, कारण डॉक्टर राउंडला हे बोलत नाहीत. ऑपरेशनला नेताना चष्मा, कानातलं मशीन आणि कवळी काढून एका पिशवीत भरतात आणि ती पिशवी तुमच्या हातात देतात. तुम्ही ती घरी नेता. व्हेंटिलेटर निघाल्यावर तो माणूस न दिसणारा, ऐकू न येणारा, नीट बोलता न येणारा असा पडलेला असतो, वर दिवे रात्रभर चालू. मग डोकं फिरणार नाही तर काय? पिशवीवर नाव लिहून आयसीयूच्या इन्चार्ज सिस्टरकडे द्या आणि नळी निघाली की "चष्मा लावला का?" असं विचारा. मागे लागा, राग नाही येणार.

भेटायला दहा मिनिटं मिळाली तर त्यात रडू नका आणि बिलाचं बोलू नका. आज वार कोणता, तुम्ही कुठे आहात, ऑपरेशन झालंय, नातवाची परीक्षा कशी गेली, हे बोला. भ्रमात काही बोलले तर वाद घालू नका. "सबस्टेशन बघायला जोशींना पाठवलंय, तुम्ही झोपा" म्हटलं की माणूस झोपतो.

निवांत
मी स्वतः यातून गेलेला माणूस. माइट्रल झडप बदलली, वय तेव्हा ६४. एसीच्या जाळीतून लाल मुंग्यांची ओळ निघून माझ्या ड्रेनच्या नळीत शिरताना मला दिसत होती. अजूनही डोळ्यांसमोर आहे, स्वप्नासारखी पुसट नाही, खरी घडल्यासारखी. बायकोला वाटायचं मला काही आठवत नाही, म्हणून ती विषयच काढायची नाही, आणि मी लाजेपोटी गप्प. सिस्टरना काय काय बोललो असेन! मृद्गंधा, बाबांशी त्या रात्रीबद्दल सरळ बोला. बहुतेकांना तुकड्यातुकड्याने आठवत असतं. त्या चिडचिडीत ते किती आहे ते बघा.

मला वाचन पूर्ववत व्हायला वर्ष लागलं. आधी अग्रलेख, मग कथा, कादंबरी सगळ्यात शेवटी.

भुलेश्वर
भूलतज्ज्ञ आहे, नाव त्यावरूनच.

भरून येतं का, याचं उत्तर निवांतरावांनी दिलंच आहे. २०१२ मध्ये २२५ हृदय-शस्त्रक्रिया रुग्णांचा वर्षभर माग ठेवलेला एक अभ्यास आला होता. ४६ टक्क्यांना डेलिरियम झाला. सहा महिन्यांनी त्यांतले ४० टक्के अजून मूळ पातळीवर आले नव्हते, डेलिरियम न झालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के. पण वर्षाअखेर हे अंतर बरंच कमी झालं. तेव्हा दोन महिन्यांत बाबांचा निकाल लावू नका. आमच्याकडेही अशी घसरण ऑपरेशनच्या खात्यात नोंदवताना साधारण वर्षभराची मुदत धरतात, आणि पहिल्या महिन्यातली घसरण ही उशिरा होणारी भरपाईच समजतात.

मात्र "वय झालंय" म्हणून हात झटकणंही बरोबर नाही. बी-१२, थायरॉइड, सोडियम, हिमोग्लोबिन तपासून घ्या. आपल्याकडे शाकाहारी ज्येष्ठांत बी-१२ कमी सापडणं नेहमीचं, त्यात कोणी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन (शुगरची गोळी) घेत असेल तर आणखीच. बायपासनंतर नैराश्यही पुष्कळांना येतं, आणि वयस्कर माणसात ते रडण्यातून न दिसता विसरण्यातून, चिडण्यातून दिसतं. घोरतात का? झोपेत श्वास अडकत असेल तर सकाळी डोकं जडच राहणार. आणि औषधांची पिशवी एकदा टेबलावर ओता. सर्दीच्या गोळ्या, खाज आली की घेतात त्या झोप आणणाऱ्या गोळ्या, वारंवार लघवीसाठीची काही औषधं, अमिट्रिप्टिलीन (नैराश्यावर, नसांच्या दुखण्यावर देतात ती गोळी) ही सगळी म्हाताऱ्या मेंदूला गुंगवणारी. फॅमिली डॉक्टरने एक, सर्जनने एक, कानाच्या डॉक्टरने एक असं करत ती साठतात.

डेलिरियम टाळणारी गोळी मात्र अजून नाही. ऑपरेशनच्या वेळी स्टेरॉइड देऊन बघितलं, साडेसात हजार रुग्णांवर. उपयोग नाही. डेक्समेडेटोमिडिन या गुंगीच्या औषधाकडून फार आशा होती, त्यातूनही स्पष्ट उत्तर निघालं नाही. हॅलोपेरिडॉल या भ्रमावरच्या जुन्या औषधाने पेशंट शांत दिसतो, भ्रमाचे दिवस कमी होत नाहीत. जे टिकून आहे ते अगदीच बिनखर्चाचं: झोप, चष्मा, कान, पाणी, दुखणं नीट आटोक्यात ठेवणं, लवकर उठवून बसवणं, नळ्या लवकर काढणं. येल विद्यापीठात १९९९ मध्ये साध्या वॉर्डातल्या ८५२ वृद्धांवर हेच केलं, डेलिरियम १५ वरून १० टक्क्यांवर आला. ते रुग्ण हृदय-शस्त्रक्रियेचे नव्हते, पण सातारच्या सिस्टर जे सांगतायत ते यालाच धरून आहे.

काकांची ऑपरेशनपूर्वी मोकासारखी (स्मरणशक्ती, एकाग्रता तपासणारी) दहा-पंधरा मिनिटांची चाचणी करून घ्या. आधी किती होतं हेच माहीत नसेल तर नंतर किती गेलं ते कोण सांगणार?

रंकाळा
कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. आमच्या तात्यांची बायपास. भूलवाल्या मॅडमनी विचारलं, "दारू?" तात्या म्हणाले, "कधीमधी." बाजूला आई उभी, मी उभा, सगळ्यांना माहीत की रोज संध्याकाळी क्वार्टर. कोण बोलणार? तिसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, भ्रम, शेवटी फिट आली. डॉक्टरांनी मेंदूचा सीटी काढला, काहीच नाही. मग मॅडमनी मला एकट्याला बाहेर घेऊन विचारलं तेव्हा उलगडा झाला. काकांचं जे काय असेल ते चारचौघांत नको तर फोन करून सांगा, पण सांगा.

साताऱ्याची सिस्टर
रंकाळा दादा, +१००. आणि बायकांच्या मिश्रीचं तर कुणी विचारतही नाही. आजीबाई दोन दिवस तळमळतात, सगळे म्हणतात दुखतंय. झोपेची गोळी दहा-दहा वर्षं घेत असतील तर तेही सांगा, ती अचानक बंद झाली तरी असंच होतं.

मृद्गंधा
सगळ्यांचे मनापासून आभार. काल हिंमत करून बाबांशी त्या रात्रीबद्दल बोलले. त्यांना सबस्टेशन पूर्ण आठवतंय, फीडरच्या नंबरासकट! औषधांच्या पिशवीत सर्दीच्या गोळीची पट्टी निघाली, नाक वाहतं म्हणून रोज रात्री घेत होते. डॉक्टरांना विचारून बंद केलीय. रक्ताचे रिपोर्ट यायचेत.

काकांचं वय ७८, त्यामुळे आता दुसरे डॉक्टर मांडीतून झडप बसवायची, टावी करा म्हणतायत. त्यात मेंदू सुरक्षित का?

पंपवाला
टावीत छाती उघडत नाहीत, मशीन नाही, आयसीयूत मुक्काम थोडा, त्यामुळे डेलिरियम कमी बघायला मिळतो. पण चुना साचलेली झडप चिरडून नवी बसवतात, तेव्हा कण सुटतातच. नंतर एमआरआय काढला तर बहुतेकांच्या मेंदूत बारीक ठिपके दिसतात, लक्षणं मात्र थोड्यांनाच असतात. हे कण पकडायला गळ्याकडे जाणाऱ्या धमन्यांत जाळी लावायची पद्धत आहे. ३,००० रुग्णांवरच्या २०२२ च्या अभ्यासात जाळीने एकूण झटके फारसे कमी झाले नाहीत (२.९ ऐवजी २.३ टक्के, ठामपणे सांगता येईल इतका फरक नाही). अपंगत्व आणणारे झटके मात्र कमी दिसले. जाळीचा खर्च वेगळा. वय आणि झडपेची रचना बघून डॉक्टरांचं ऐका, मेंदूच्या एकाच मुद्द्यावर ठरवू नका.

भुलेश्वर
यात एक भर. दोन्हीपैकी काहीही केलं तरी घरी गेल्यावर अचानक तोंड वाकडं होणं, एका हातातली ताकद जाणं, बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर "डेलिरियम असेल" म्हणून वाट बघू नका. उघड्या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच जणांना पहिल्या काही दिवसांत एट्रियल फिब्रिलेशन होतं, ठोके अनियमित पडतात आणि गुठळी होऊ शकते. सर्जरी ताजी असताना गुठळी विरघळवायचं इंजेक्शन सहसा देता येत नाही, पण तार घालून गुठळी काढता येते. ती सोय कुठल्या हॉस्पिटलात आहे ते आजच माहीत करून ठेवा.

रावसाहेब, ब्राह्मीशी माझं भांडण नाही. पण झडप बदललेला माणूस बहुधा रक्त पातळ ठेवायच्या गोळीवर असतो. त्याने काढे, चूर्णं काहीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

रावसाहेब
बरं, मागे घेतो. मशीनचं नाही, ब्राह्मीचं.

ट्यूलिप
बाबांसाठी: कार्डियाक रिहॅब (हृदयाच्या रुग्णांसाठीचा, देखरेखीखालचा व्यायाम) सुरू केलंत का? रोज चालणं, हळूहळू वाढवत. इथे आम्ही त्यातच थोडं डोक्याचं काम घालतो, चालता चालता सातचा पाढा उलटा. शब्दकोडं सुटत नसेल तर सोपं द्या, पण बंद नको. आणि घरात एका वेळी एकानेच बोला, टीव्ही बंद करून. दोन आवाज एकदम आले की उठून जातात म्हणालात ना, तो हट्ट नाही, तेवढं पेलत नाहीये सध्या.

मृद्गंधा
रिहॅब नव्हतं, चौकशी करते. शेवटचा प्रश्न. बाबा यूपीआय परत सुरू करा म्हणून मागे लागलेत. गेल्या आठवड्यात वीजबिल थकलंय असं सांगणारा कुणाचा तरी फोन आला आणि ते ओटीपी सांगायच्या बेतात होते. वीजमंडळात जन्म काढलेला माणूस! आई म्हणते फोनच काढून घ्या.

रावसाहेब
यात मात्र माझं ऐका, बँकेत ३४ वर्षं काढलीत. फोन काढून घेऊ नका, माणूस खचतो. मुख्य खातं आणि एफडी यूपीआयला जोडूच नका. वेगळं बचत खातं उघडा, त्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरते पैसे टाका आणि तेवढंच जोडा. ॲपमध्ये आणि बँकेकडे रोजची मर्यादा कमी करून घ्या. खातं जॉइंट ठेवा, म्हणजे व्यवहारावर नजर ठेवायचा हक्क तुम्हालाही राहील. पासबुक भरायला त्यांनाच पाठवा, सोबत तुम्ही जा. फसवणूक झालीच तर १९३० ला लगेच फोन. सहा महिन्यांनी डोकं ताळ्यावर आलं की मर्यादा वाढवून द्या.